तीन ओंजळी पाणी

बाळाच्या जावळाचा मान घरच्या माणसाला द्यायचा नाही, असा श्कोदर गावचा रिवाज. बाहेरचा कुणी येतो, कात्री लावतो आणि त्या दिवसापासून रक्ताच्या नात्याचा होतो. सरकारने चर्च बंद केली त्याला पाच वर्षं झाली होती. घंटा उतरवल्या, क्रूस उतरवले, पण जावळावर बंदी घालायचं कुणाला सुचलं नव्हतं. म्हणून द्रानेने आपल्या मार्तिनच्या जावळासाठी तोमांना बोलावलं.

तोमा नगरपालिकेत रस्ते झाडत. त्याआधी अकरा वर्षं ते तुरुंगात होते आणि त्याच्याही आधी या गावचे बिशप. दाराआड लोक अजून त्यांना 'इमझोत', म्हणजे महाराज, म्हणत.

डोक्यावर तीनदा पाणी ओतून देतात त्या बाप्तिस्म्याबद्दल द्राने त्यांच्याशी एक शब्दही बोलली नव्हती. बाप्तिस्मा देणाऱ्याला गोळी घालत. पण तिच्या मनात काय आहे ते तोमांनी ओळखलं होतं.

नेमकी जावळाच्या सकाळी, सरकारतर्फे गल्लीवर नजर ठेवणाऱ्या वस्ती समितीची रोझा न बोलावता द्रानेच्या अंगणात आली.

"काय तोमाआजोबा, झाडू सोडून न्हाव्याचा धंदा?" खुर्ची ओढत ती म्हणाली. "हात थरथरतायत तुमचे. पोराचा कान तेवढा शिल्लक ठेवा!"

"तुझा कान मी किती वेळा पिळला असेल, रोझा! प्रार्थना पाठ नसायची तुझी. राहिलाच ना जागेवर?"

रोझाचा चेहरा लाल झाला. द्रानेने घाईने तिच्यापुढे कॉफी ठेवली.

कापण्याआधी केस भिजवायचे असतात. मार्तिन आईच्या मांडीवर होता. तोमांनी वाकून तांब्याच्या भांड्यातून ओंजळभर पाणी त्याच्या डोक्यावर सोडलं. ओठ हलले. मग दुसरी ओंजळ. 'पुरे आता,' द्राने मनात म्हणत होती, आणि तिला तिसरीही हवी होती. तोमांनी तिसरी ओतली. मग कात्री उचलून पहिली बट कापली.

रोझाचा कप हवेतच थांबला.

"केस एकदाच भिजवतात," ती म्हणाली.

"हात थरथरतात त्यांचे, कॉम्रेड," द्राने घाईने म्हणाली. "सांडलं पाणी."

"तू गप्प बस, बाई. समोरच्या दोन खिडक्यांतून लोक बघतायत. मला काहीतरी लिहावंच लागेल." रोझाने पिशवीतून छापील कागद काढला आणि आवाज खाली आणला. "आजोबा, पाणी सांडलं म्हणा. बाप्तिस्मा हे थोतांड आहे, मी पाद्री नाही, असं यात लिहिलंय. खाली सही करा आणि घरी जा."

"आणि नाही केली तर?"

"तर पाणी कुणी मागितलं ते शोधतील. हिला नेतील, पोराला अनाथालयात टाकतील."

तोमांनी कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"सांडलं नाही. मी ओतलं. द्रानेने मला जावळासाठी बोलावलं, पाण्याचं नावही काढलं नाही. हे खरं आहे. लिही."

"इमझोत, असं करू नका!" रोझाच्या तोंडून निघून गेलं. तिने पटकन तोंडावर हात ठेवला.

"लिही, पोरी. सगळं माझ्या नावावर लिही."

'मलाच हवं होतं ते,' असं म्हणायला द्रानेने तोंड उघडलं. तोमांनी तिच्याकडे पाहिलं, मग मार्तिनकडे. तिने ओठ मिटले. ते मिटताना तिला जेवढं दुखलं, तेवढं बाळंतपणातही दुखलं नव्हतं.

"अर्धं जावळ ठेवून उठू नये," तोमा म्हणाले, आणि रोझा लिहीत होती तोवर त्यांनी उरलेले केस सावकाश कापून घेतले.

खटला कारखान्याच्या सभागृहात भर दुपारी झाला. न्यायाधीशांनी शेवटचं विचारलं, "पाणी सांडलं होतं का?"

"नाही. ओतलं."

मार्चमध्ये त्यांना गोळी घातली. कुठे पुरलं ते कुणाला सांगितलं नाही. द्रानेला चौकशीला कुणी बोलावलं नाही. रोझाच्या दोन पानी अहवालात तिचं नाव कुठेच नव्हतं.