सगळ्यांना उघडं फोल्डर

शेजारची पोरं जिन्यात थोरलीची नक्कल करत होती. नुसतं तिचं अडखळत बोलणं नव्हे, वाक्यंही तिचीच, उद्याच्या शाळेतल्या भाषणाची. ती तर तिनं खोलीचं दार लावून, सरावासाठी आपल्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केली होती. घरातही कुणाला ऐकवली नव्हती.

तिनं सेटिंग उघडून पाहिलं आणि बाबांना बोलावलं. तिच्या कॉम्प्युटरवरचे मावशीच्या लग्नाचे फोटो शेजारच्या काकांना हवे होते. दोन्ही घरांत वायफाय एकच, म्हणून बाबांनी तिचं अख्खं फोल्डर शेअर करून टाकलं होतं, सगळ्यांना, पासवर्डशिवाय. फोटो गेले, मावशीचं लग्न जुनं झालं, शेअरिंग चालूच राहिलं.

“पोरं आहेत गं, गंमत केली असेल,” बाबा म्हणाले. “आणि आपल्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?”

तिची कानशिलं तापली. बाबांचं मनगट धरून ती त्यांना थेट शेजारी घेऊन गेली. काकांच्या कॉम्प्युटरवर तिनं नेटवर्क उघडलं. तिथं तिच्या कॉम्प्युटरचं नाव होतं, त्यात फोल्डर, त्यात तिचा आवाज. तिनं आवाज मोठा केला. परक्या घरात आपली लेक एकेका शब्दाशी झगडतेय, हे बाबांनी उभ्यानं ऐकलं. काका पोरांचे कान उपटायचं म्हणत होते. ते उपटाच, पण दार आमच्याकडूनच उघडं होतं, असं बाबाच पडेल आवाजात म्हणाले.

घरी आल्यावर बाबा घाईनं रेकॉर्डिंग पुसायला निघाले. तिनं त्यांचा हात बाजूला सारला. पुसायचं नव्हतं, शेअरिंग बंद करायचं होतं, आणि तेही त्यांनीच. बाबांनी ते बंद केलं. शोधल्यावर आणखी दोन फोल्डर तशीच सापडली. तीही बंद केली. मग शेजारी जाऊन, आता तिथं काही उघडत नाही ना, याची खात्री करून आले.

“उद्याचं राहू दे,” ते हळूच म्हणाले. “मी बाईंना सांगतो.”

“मी भा... भा...”

“भाषण,” बाबांनी सवयीनं शब्द पुरवला.

ती थांबली. डोळे वटारून पहिल्यापासून सुरू केलं. या खेपेला बाबांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

“मी भा... भाषण करणार. तुम्ही प... पहिल्या रांगेत बसायचं. आणि ग... गप्प बसायचं.”