आभाराची प्रार्थना

थर्मामीटरचा पेला धाकटी नर्स केशरबाई हिच्या हातात देऊन सरोजिनी वॉर्डातल्या खाटांच्या रांगेच्या टोकाला, खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

“आजची प्रार्थना तू चालव.”

“आज तुमचा नंबर आहे, बाई.”

“घसा बसलाय माझा.”

हे ती चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली. केशरबाईने एकदा तिच्याकडे पाहिलं, पण वाद घातला नाही. महिनाभर हेच चाललं होतं. सरोजिनीचा नंबर आला की तिचा घसा बसायचा आणि प्रार्थना संपली की मोकळा व्हायचा.

एरवी सरोजिनी साळवेची प्रार्थना म्हणजे तिसगावच्या बाजारापर्यंत नाव झालेली गोष्ट. ती पाळकाची मुलगी. वडील प्रार्थनेला उभे राहिले की ताटातल्या भाकऱ्या गार व्हायच्या आणि पोरं उभ्या उभ्या पेंगायची. लांबण तिने वडिलांकडून उचलली होती, गोडवा मात्र तिचा स्वतःचा. मिशनच्या या दवाखान्यात बाई बाळंत झाली की तिच्या खाटेभोवती जमून आभाराची प्रार्थना करायची रीत होती, आणि ती सरोजिनीने करावी असं खुद्द डॉक्टरबाईंना वाटे. देवाशी बोलता बोलता ती ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांना पाणी आणायची. आपण पाणी आणतो हे तिला कळत होतं. कळत होतं आणि आवडतही होतं, आणि तिथेच सगळं नासलं.

राही ही महिन्यापूर्वी पलीकडच्या वाडीवरून बैलगाडीतून आलेली पहिलटकरीण. सोबत सासू, गोजरबाई. रात्रभर कळा देऊन राही सकाळी मोकळी झाली, मुलगी झाली. नेमके त्याच दिवशी नगरहून मिशनचे पाहुणे आले होते. बायकांचा वॉर्ड यापुढे कोणाच्या हाती द्यायचा, हे त्यांना ठरवायचं होतं. आजवर त्या जागेवर विलायतेहून आलेल्या सिस्टरच बसत आल्या होत्या. लढाईमुळे नवी सिस्टर येण्याची आशा नव्हती. म्हणून पहिल्यांदाच आपल्यातल्या कोणाचं तरी नाव निघालं होतं, आणि ते सरोजिनीचं होतं.

बाळंतपणानंतर पहिला तासभर बाईच्या पोटावरचा हात काढायचा नाही. आतला गर्भाशयाचा गोळा घट्ट असला तर ठीक. सैल पडला तर चोळून चोळून घट्ट आणायचा, नाहीतर रक्त थांबत नाही. नव्या मुलींना हे सरोजिनीच शिकवायची, आणि कोणी हात काढला तर बोटांवर फटका मारायची. त्या दिवशी पाहुणे राहीच्या खाटेपाशी येऊन थांबले, आभाराची प्रार्थना ऐकायची म्हणाले. डॉक्टरबाई शस्त्रक्रियेच्या खोलीत अडकल्या होत्या. एक हात बाळंतिणीच्या पोटावर ठेवून देवापुढे उभं राहणं सरोजिनीला त्या मंडळींसमोर बरं दिसेना. तिने हात काढला, दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटले.

प्रार्थना साधली होती. शब्द आपसूक येत होते. पाहुण्यांतल्या एका बाईंनी हुंदका दिला तेव्हा शेवटाकडे आलेली प्रार्थना तिने पुन्हा वर उचलली आणि दुष्काळातल्या गावांसाठी, लढाईवर गेलेल्या पोरांसाठी सावकाश मागून घेतलं. डोळे उघडले तेव्हा राहीचे ओठ पांढरे पडले होते.

मग चोळणं, इंजेक्शन, खाटेच्या पायथ्याखाली विटा, डॉक्टरबाईंची धावपळ. दुपारी राही गेली.

“आपल्या हातात होतं ते आपण केलं,” डॉक्टरबाई त्यांच्या जपून जपून बोललेल्या मराठीत म्हणाल्या. “तुम्ही तर तिच्यासाठी प्रार्थनाही केली.”

सरोजिनी तेव्हा गप्प राहिली. मागच्या रविवारी उपासनेनंतर त्यांनी तिला बाजूला घेतलं आणि ईस्टरनंतर वॉर्ड तुमच्याकडे, असं सांगितलं. तेव्हाही ती गप्पच राहिली. खरं सांगितलं तर वॉर्ड जाणार होता, डोक्यावरची नर्सची टोपीही कदाचित जाणार होती. न सांगता दिवस काढता येतील असं तिला वाटलं होतं. दिवस निघत होते, पण घास उतरत नव्हता.

खिडकीपाशी ती उभी होती तोवर केशरबाईची प्रार्थना आटोपलीसुद्धा. केशरबाई देवाला कामापुरतंच बोलायची. फाटकात बैलगाडी थांबली होती, आणि पदराखाली गाठोडं धरून एक म्हातारी व्हरांड्याकडे येत होती. ती गोजरबाई आहे हे सरोजिनीने ओळखलं. मागच्या दाराने निघून जावं असं तिला क्षणभर वाटलं. पण म्हातारीने तिला पाहिलं होतं.

“बाई, पोरगी दाखवाया आनली.”

सरोजिनीने बाळाला घेतलं, काट्याच्या झोळीत ठेवलं. पोरगी अंगाने भरली होती.

“दूध कोण देतं हिला?”

“थोरल्या सुनंच्या अंगावर हाय. ती पाजती दोघांस्नी.”

“बरं केलंत.” बाळाला परत गुंडाळताना तिला म्हातारीच्या तोंडाकडे बघवेना. “जपून न्या. ऊन चढेल.”

गोजरबाई हलली नाही. बाकावर बसली, बाळाला मांडीवर घेतलं आणि आजूबाजूला कोणी नाही असं पाहून आवाज खाली आणला.

“बाई, तुमचा देव तुमचं आयकतो. माझ्यासाटी येक मागाल का त्याच्यापाशी?”

“काय मागू?”

“माफी.” म्हातारीने आणखी वाकून सांगितलं. “राहीला मी मारली.”

“असं काय बोलता, आजी?”

“खरं त्येच बोलती. तुमी समद्यांनी डोळे मिटले हुते. मी मिटले न्हाईत, मला काय ठावं? मी खाटंच्या पायापाशी बसल्याली. रगात गोदडीतनं खाली टिपकाया लागलं. मी बगत हुते. पयल्यांदा वाटलं, आसंल, बाळंतिनीचं आसतं. मग लई याया लागलं.”

“मग?” सरोजिनीने विचारलं, आणि विचारता विचारताच पुढचं तिला समजलं.

“मग काय? आदल्या सांजंला मी मधी बोलले तवा तुमीच म्हनला हुता, देवाशी बोलनं चाललंय, मधी तोंड घालू नका. देवाचा कोप व्हईल आन् पोरीवर काय तरी यील, म्हनून मी गप बसले. तोंडावर पदर धरून बसले. येक हाक मारली आसती तर...” तिने बाळाला छातीशी ओढलं. “घरात कुनाला सांगितलं न्हाई. ल्येकाकडं बगवत न्हाई मला.”

सरोजिनीला ती आदली संध्याकाळ आठवली. केशरबाईची प्रार्थना चालू असताना, औषधांची गाडी ढकलता ढकलता ती म्हातारीवर खेकसली होती. घटकाभरात विसरूनही गेली होती. म्हातारीने मात्र तिचा शब्द पाळला होता, सुनेचा जीव जात असतानासुद्धा.

ती खाली बसली. बाकावर नाही, खाली फरशीवर, गोजरबाईच्या पायांशी.

“आजी, नीट ऐका. तुमचा दोष नाही. माझा आहे. माझा हात तिच्या पोटावर असायला पाहिजे होता. तो मी काढला. पाहुणे समोर होते, आणि मला माझीच प्रार्थना गोड लागत होती. मी लवकर आटोपलं असतं, डोळे उघडे ठेवले असते, तर राही आज असती. तुम्ही नाही मारलीत तिला. मी मारली.”

महिनाभर घशात अडकलेलं एकदाचं बाहेर पडलं. आता म्हातारी ओरडेल, कपाळ बडवून घेईल, सगळा दवाखाना गोळा होईल, असं तिला वाटलं. तसं व्हावं अशी तिची इच्छाच होती.

पण गोजरबाईने सरोजिनीच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

“लई मोट्या मनाच्या हाय तुमी, बाई.”

“आजी, मी खरं सांगतेय.”

“ऱ्हाऊ द्या. मला काय कळत न्हाई व्हय? तुमी वॉर्डात सांगत हुता, तुमच्या येशूनं समद्यांचं पाप सोताच्या अंगावर घेतलं. मला तवा पटलं न्हवतं. म्हनलं, दुसऱ्याचं कोन कशाला घील? आज डोळ्यानं बगितलं.”

सरोजिनी आणखी पटवायला गेली असती, तर ‘न्हाई, मीच मारली’ म्हणत उतरलेलं ओझं म्हातारीने परत उचललं असतं. गोजरबाईने डोळे पुसले, बाळाला पदराखाली घेतलं आणि आली होती त्यापेक्षा हलक्या पावलांनी निघाली. जाताना ती डॉक्टरबाईंच्या खोलीच्या दारात थांबली, हात जोडून काहीतरी बराच वेळ बोलली, आणि मग गाडीकडे गेली.

गाडी रस्त्याला लागेपर्यंत सरोजिनी फरशीवरच बसून होती. तिला स्वतःची विलक्षण शरम वाटत होती. खोटं बोलून मोठेपणा मिळवणारे लोक तिने पाहिले होते. ती खरं बोलून बसली होती, आणि तरी मोठेपणा तिच्याच पदरात पडला होता.

ती उठली आणि डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली.

“या, सरोजिनी.” डॉक्टरबाई हसल्या. त्यांचे डोळे ओले होते. “ती आजी मला सांगून गेली. तुम्ही तिच्यासाठी स्वतःवर केवढं घेतलं! आपला वॉर्ड योग्य माणसाच्या हातात जातोय.”

“बाई, राहीच्या पोटावर माझा हात नव्हता.”

डॉक्टरबाईंचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, मग हळूहळू गेलं.

“गोळा सैल पडला ते मला कळलं नाही,” सरोजिनी म्हणाली. “मी हात काढला होता.”

डॉक्टरबाई उठल्या. त्यांनी दार लावून घेतलं आणि परत खुर्चीत बसल्या. आता त्या डॉक्टरांसारख्या बोलल्या.

“किती वेळ?”

सरोजिनीने त्यांच्या नजरेला नजर दिली.

“आमेन म्हणेपर्यंत.”