सामानाचं न्हाणीघर

नकाशा पाहताक्षणी सुप्रभाला कळलं, की गच्चीवरच्या त्या खोलीत कुणीतरी झोपणार आहे. ऑफिसात बाकी कुणाला ते कळलं नाही, आणि त्यात त्यांची काही चूकही नव्हती. टोकियोत घरात राहणारी कामवाली ठेवतं कोण?

आखातातल्या एका वाळवंटी गावाबाहेर चाळीस बंगले उभे राहायचे होते, सगळे एकाच नकाशाचे. उन्हाळ्यात गारवा आणि थंडीच्या रात्री ऊब द्यायला यंत्रं केवढी लागतील, हा हिशेब टोकियोतल्या एका छोट्या कंपनीकडे आला होता आणि तिथून सुप्रभाच्या टेबलावर. जपानात घरासाठी एसी घेणं सोपं आहे. खोलीत तातामी चटया किती मावतात ते सांगितलं की दुकानदार एसी दाखवतो. वाळवंटात चटया मोजून भागत नाही. भिंतीची दिशा, काच, छपराची जाडी, घरातली माणसं, सगळं मांडावं लागतं. सुप्रभा पुण्यात मेकॅनिकल शिकलेली. नवऱ्यामागून परदेशी आलेल्या बाईला शिक्षणाला साजेसं काम मिळालं, याचंच तिला केवढं अप्रूप होतं.

ती खोली गच्चीवर पाण्याच्या टाकीला लागून होती, जेमतेम दोन चटयांची. पश्चिमेला लहानशी खिडकी, शेजारी न्हाणीघर. नकाशात तिच्यावर 'सामान' असं लिहिलेलं. सामानाच्या खोलीला गारवा द्यायचा नसतो.

"ओगावा-सान," ती साहेबांना म्हणाली, "सामानाला न्हाणीघर कशाला लागतं?"

"बादल्या, फडकी धुवायला असेल," ओगावा-सान म्हणाले. भला माणूस होता, त्यांना खरंच तसं वाटत होतं.

सुप्रभाच्या माहेरी, पुण्यातल्या बिल्डिंगच्या गच्चीवर अशीच खोली होती. तिथे कामाच्या जयमालामावशी झोपायच्या. मे महिन्यात त्या रोज फरशीवर पाणी ओतून त्या ओलीवरच आडव्या व्हायच्या. सुप्रभाची आई कौतुकाने सांगायची, बाई खोली किती स्वच्छ ठेवतात.

कुणी सांगितलं नसताना सुप्रभाने त्या खोलीचा हिशेब मांडला. दिवसभर तापलेलं छप्पर रात्री सगळी आग खाली सोडणार होतं. बाहेरची हवा निवली तरी आतली निवणार नव्हती. माणसाने तग धरायचा तर त्या खिडकीच्या जोरावर. ते आकडे घेऊनच ती घरी गेली.

टोकियोतल्या ओजिमा भागातल्या त्यांच्या घरात एकच एसी होता आणि दोघं त्याच खोलीत बसत. तिचा नवरा चंद्रहास एका बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"अगं, गपचूप एक डक्ट वर ने ना. तुमच्यात मार्जिन असतंच की."

"त्या शीटवर माझा शिक्का लागतो. सामानाला डक्ट कशाला, हे ओगावा-सानच आधी विचारतील. मी क्लायंटलाच सरळ विचारते."

"नको विचारूस, सुप्रभा. विचारलंस की त्यांना ऑफिशियली उत्तर द्यावं लागेल."

तिला त्याचा राग आला. चाळीस बंगले बांधणारा माणूस एवढ्याशा खोलीला नाही कशाला म्हणेल, असं तिला मनापासून वाटत होतं. असं वाटायला खूप शिकावं लागतं.

ओगावा-साननी तिच्या शब्दाखातर फॅक्स पाठवला: गच्चीवरच्या खोलीत कुणी झोपणार आहे का? झोपणार असेल तर तिथेही गारवा द्यावा लागेल. उत्तर लगेच आलं. खोलीत कुणी राहणार नाही. खिडकीमुळे गैरसमज होत असेल तर ती काढून टाकावी. न्हाणीघर राहू द्यावे.

"बरं झालं विचारलंत," ओगावा-सान खूश होऊन म्हणाले. "आता शंकाच उरली नाही."

"निदान खिडकी तरी राहू द्या."

"क्लायंटने लिहून दिलंय." ते गोंधळून तिच्याकडे पाहत राहिले. "आत सामानच आहे ना, सुप्रभा-सान?"

आत माणूस आहे, हे तिला ओरडून सांगावंसं वाटलं. पण ते माणूस तिने पाहिलेलं नव्हतं. जी पाहिली होती ती पुण्यात, आणि तिच्यासाठी त्या घरातल्या कुणी कधी पंखासुद्धा लावला नव्हता. सुप्रभानेही नाही.

ती कॉम्प्युटरसमोर बसली. नकाशा एकच, त्यामुळे खिडकी एकदाच पुसावी लागली. चाळीस घरांतली गेली. न्हाणीघर तसंच ठेवून तिने शीट छापली आणि आपल्या नावाचा शिक्का मारला. तो नीट उमटला.

घरी चंद्रहासने एसी लावून ठेवला होता. चपला काढून ती दारातच उभी राहिली.

"विचारलंस?"

"विचारलं."

"मग? देतायत का एसी?"

"खिडकी गेली," सुप्रभा म्हणाली.