पांढऱ्यावर पांढरी रेघ

फाटलेला कागद टोपलीत टाकता टाकता तिनं त्यावरून सहज बोट फिरवलं. फाटलेल्या जागेपर्यंत रेघ डावीकडून उजवीकडे छान उतरत होती. बरोबरच होतं ते. आणि हा बरोबर, तर मग परीक्षेला आत पाठवलेला दुसरा कागद उलटा होता.

दिव्यांग विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या कॉलेजच्या या कार्यालयात ती नुकतीच शिकाऊ म्हणून लागली होती. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन आली, म्हणून सगळे तिला शास्त्रज्ञ म्हणत. "एवढं शिकलीस आणि कागद कापत बसतेस?" असं आत्यानं घरी ऐकवून झालं होतं. पण तिला हे काम आवडे. छापील आकृती अंध मुलांना बोटांनी वाचता यावी म्हणून जाड कागद रबराच्या तुकड्यावर ठेवायचा, शिंप्याकडे असतं तसं दातेरी चाक त्यावरून फिरवायचं, की पलीकडच्या बाजूला रेघ उठते. कागद उलटला की डावं-उजवं बदलतं, म्हणून आधी आकृतीची आरशातली प्रत काढायची आणि तीच गिरवायची.

सकाळी पहिला कागद तिनं असाच केला होता. चाक जोरात दाबलं गेलं आणि कागद प्रतीसकट फाटला. पेपर सुरू व्हायची वेळ आलेली. घाईघाईत तिनं दुसरा कागद घेतला आणि समोर होती ती मूळ आकृतीच गिरवली. गिरवलेली बाजू छापील आकृतीशी ताडून पाहिली. तंतोतंत जुळली. जुळणारच. पलीकडची बाजू तिनं फक्त नावांच्या ब्रेल पट्ट्या चिकटवण्यापुरती पाहिली, आणि पांढऱ्यावरची पांढरी रेघ डोळ्यांना कितीशी दिसणार? दोन्ही अक्ष मधोमध छेदणारे, त्यामुळे तिथंही काही खटकलं नाही.

आता तो कागद शेजारच्या खोलीत होता, वकीलबाईच्या हाताखाली. वकीलबाई म्हणजे शेवटच्या वर्षाची अंध विद्यार्थिनी. जिना, लिफ्ट, ग्रंथालय, सगळ्यांविरुद्ध तिचे अर्ज, म्हणून हे नाव. या विषयाची तिची ही शेवटची संधी होती. आज राहिली, तर पदवी राहिली.

आणि प्रश्न सगळा त्या रेघेवरच होता: वस्तू जागेवरून सरकवली की तिच्यावरचं बल कसं बदलतं. रेघ उतरती असेल, तर सरकवलेली वस्तू पुन्हा जागेवर येते. चढती असेल, तर लांब पळत सुटते.

गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. तपासणाऱ्यासमोर छापील आलेख असतो. उठावाचा कागद परत इथंच, याच टोपलीत येतो. हे तिच्या मनात आलं. त्याची तिला इतकी लाज वाटली, की ती जवळजवळ धावतच मोठ्या बाईंच्या टेबलापाशी गेली.

"बाई, आलेख उलटा गेलाय. वकीलबाईचा."

कार्यालय सांभाळणाऱ्या मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "पाठवण्याआधी तपासला नव्हतास?"

"तपासला होता ना. बघितला नीट."

"बघितला? चहात साखर आहे का, हे कानांनी ठरवतेस का गं तू?"

ती दाराकडे वळली. मग म्हणाली, "मी दारातून नुसतं सांगून येते, रेघ उलटी आहे म्हणून."

"खबरदार! रेघ कुठं जाते हेच तर उत्तर आहे. त्यात तू भौतिकशास्त्रवाली. पेपर रद्द करतील तिचा. बस खाली, नवा कागद कर. मी परीक्षा विभागाला फोन लावते. आणि चूक कुणाची म्हणून विचारतील."

"माझी."

"तेच सांगणार आहे मी."

तिनं आरशातली प्रत पुन्हा काढली. चाक हलकं धरावं तर रेघ उठेना, दाबावं तर सकाळचा फाटका कागद डोळ्यांसमोर येई. मागे बाईंचा आवाज चढत होता, "नाही साहेब, उद्या नाही, आत्ता! मुलगी आत बसली आहे!" तिनं श्वास रोखला आणि चाक टोकापर्यंत नेलं. पट्ट्या चिकटवल्या.

"मीट डोळे," बाई म्हणाल्या.

तिनं डोळे मिटले. मधला छेद. उजवीकडे 'विस्थापन'. वर 'बल'. रेघ वर डावीकडे सापडली, मध्यातून खाली उतरत गेली. तिनं पुन्हा तपासलं. मग पुन्हा.

"पुरे, झिजेल ती," बाई म्हणाल्या आणि कागद घेऊन स्वतःच गेल्या.

त्यानंतर करण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. परीक्षा विभागानं थोडा जादा वेळ दिला होता, पण तो पुरेल का? बंद दारामागून लेखनिकाला उत्तर सांगणारा वकीलबाईचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मध्येच तो थांबला. बराच वेळ थांबला. मग पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा भरभर.

शेवटी दार उघडलं. वकीलबाई काठी टेकवत थेट कार्यालयात आली.

"पहिला कागद कुणी केला?"

"मी," शास्त्रज्ञ म्हणाली. "माझं चुकलं. त्याआधी केलेला फाटला, मग घाईत हा उलटा गेला."

"अख्खं पान खोडलं मी, ताई! वस्तू कशी पळत सुटते ते झकास समजावलं होतं. दुसरा कागद आल्यावर वाटलं, माझंच डोकं फिरलं." ती धपकन खुर्चीत बसली. "शेवटचा प्रश्न अर्धाच झाला."

"पण पास...?"

"होईन. अगदी काठावर." मग मोठ्या बाईंकडे वळून म्हणाली, "बाई, अर्ज देणार आहे मी. हिच्या नावानिशी."

"दे," बाईंच्या आधी शास्त्रज्ञच बोलली.

वकीलबाई तिच्या आवाजाकडे वळली. तिनं हात पुढे केला. "तो फाटका कागद आहे का अजून? अर्जाला जोडायचाय."

तिनं टोपलीतून कागद काढून हातात दिला. वकीलबाईचं बोट रेघेवरून उतरत गेलं आणि फाटलेल्या जागेपाशी थांबलं.

"इथवर तर बरोबर होतीस की गं."