बोरडोहची सहा मापं

"आणि आता ही विहीर पाहा. क्रमांक चौदा, बोरडोह," असं सरिता म्हणाली आणि वामनराव डेहनकरांच्या मांडीवरची शाल घसरून खाली पडली.

ती शाल त्यांना पंधरा मिनिटांपूर्वीच मिळाली होती. विद्यापीठात विज्ञान-तंत्रज्ञानाची परिषद भरली होती. बाहेरच्या व्हरांड्यात तक्ते लागले होते. कोणी राखेच्या विटा केल्या होत्या, कोणी कपाशीवरची अळी ओळखणारा कॅमेरा, कोणी संत्र्याच्या सालीचा कागद. आत सभागृहात भूशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी सरिता गजभिये आपला निबंध मांडत होती. सुरुवातीलाच तिनं पहिल्या रांगेतल्या वामनरावांना उभं केलं होतं. "यातला एकही आकडा माझा नाही. पाण्याची पातळी मोजणाऱ्या खात्यात या काकांनी एकतीस वर्षं नोकरी केली. सावनेरकडच्या विहिरी उन्हातान्हात फिरून मोजल्या. त्यांची रजिस्टरं धूळ खात पडली होती, ती मी उघडली, एवढंच." टाळ्या झाल्या होत्या. तिचे मार्गदर्शक देशकर सर स्वतः शाल घेऊन खाली आले होते. साऱ्या नोकरीत वामनरावांसाठी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

पडद्यावर प्रत्येक विहिरीची एक रंगीत रेघ होती. सगळ्या रेघा उजवीकडे जाता जाता खाली उतरत होत्या. एकच निळी रेघ सरळ चालली होती.

"कोळशाच्या खाणीतला उपसा वाढला तशा आसपासच्या सगळ्या विहिरी आटत गेल्या," सरिता सांगत होती. "बोरडोह आटली नाही. ऑक्टोबर २०१५ ते जानेवारी २०१७, लागोपाठ सहा मापं बघा. पाणी जागचं हललेलं नाही. म्हणजे जमिनीखाली कठीण खडकाची एक आडवी भिंत असणार आणि तिनं या गावाचं पाणी अडवून धरलं असणार. गावाची नवी विहीर याच बाजूला घ्यावी, अशी माझी शिफारस आहे."

दुसऱ्या रांगेत पाणीपुरवठ्याचे दोन अभियंते बसले होते. त्यातल्या एकानं वहीत काहीतरी लिहून घेतलं.

वामनराव त्या सहा निळ्या ठिपक्यांकडे बघत राहिले. कोणी आपलंच अक्षर समोर धरावं तसे ते त्यांना ओळखू आले. आणि तेवढ्यात डाव्या कानामागून, अगदी जवळून, आवाज आला.

"आठ चाळीस, साहेब. लिवा."

त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. नऊ-दहा वर्षांत ते एवढं शिकले होते.

आवाज नत्थूचा. नत्थू भोयर त्यांचा मदतनीस होता. बावीस वर्षं दोघं एकाच मोटारसायकलवरून हिंडले. वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. नत्थू विहिरीच्या काठावर पालथा पडायचा, वजन लावलेला टेप आत सोडायचा, आणि टेप पाण्याला टेकला की पाणी किती मीटर-सेंटीमीटर खाली तो आकडा ओरडायचा. वामनराव झाडाखाली उभे राहून लिहायचे. नत्थूचा आवाज खणखणीत. गावातले लोक म्हणायचे, भोयर आला की पाणी किती आहे ते साऱ्या गावाले समजते.

२०१५च्या मे महिन्यात बोरडोहला पोचले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. नत्थू काठाशी गेला आणि परत आला.

"साहेब, काठ फुगून राहिला. खालचे गोटे सुटले हायेत. आज राहू द्या न."

"राहू काय द्या गा? चार विहिरी बाकी आहेत. वरून विचारतीन तर काय सांगू, नत्थूले भेव वाटलं म्हणून? टाक मोजून."

नत्थू हसला. पालथा पडला. त्यानं टेप सोडला, आकडा मात्र ओरडला नाही. दगड, माती आणि माणूस एकदमच खाली गेले. पडताना नत्थूचा निघालेला आवाज वामनरावांनी ऐकला, तो मात्र त्यांना पुन्हा कधी आठवता आला नाही. नेमका तेवढाच आठवत नसे.

चौकशी झाली तेव्हा वामनरावांनी लिहून दिलं : प्रखर उन्हामुळे चक्कर येऊन कर्मचाऱ्याचा तोल गेला. त्या ओळीत काठाचा उल्लेख नव्हता, आणि आपण काय बोललो त्याचाही नव्हता. विहिरीवर जाऊन कोणी पाहिलं नाही. काठ कागदावर निर्दोष ठरल्यामुळे विहीर यादीतून निघाली नाही. ऑक्टोबर आला आणि बोरडोह पुन्हा त्यांच्या वाट्याला आली.

ते गावापर्यंत गेले. विहिरीपर्यंत पाय उचलेनात. फाट्यावरच्या टपरीत चहा सांगून रजिस्टर उघडून बसले. आणि तिथं त्यांनी पहिल्यांदा आवाज ऐकला. "आठ चाळीस, साहेब. लिवा." त्यांनी लिहिलं. जानेवारीत "आठ पंचावन". मार्चमध्ये "नऊ दहा". चांगल्या सालातले आकडे होते ते, नत्थू जिवंत असतानाचे. आपण खोटं लिहितोय असं त्यांना तेव्हा वाटलंच नाही. नत्थू सांगत होता, ते लिहीत होते. सहा वेळा असं झालं. मग त्यांनी अर्ज करून टेबलाचं काम मागून घेतलं, आणि ती विहीर मोजायला नंतर कोणी गेलंच नाही.

सरितानं रजिस्टरं मागितली तेव्हा ते मनाशी म्हणाले होते, हजारो आकडे आहेत, त्यात सहा. कोण बघतंय?

जेवणाच्या सुट्टीत मांडवात गर्दी होती. सरिता आपली थाळी घेऊन त्यांना शोधत आली. चेहरा फुललेला.

"काका, तुम्ही जेवत का नाही? अन् ऐका न, आपला पेपर उद्याच्या बक्षिसाच्या यादीत आहे म्हणे. देशकर सर बोलले."

"सरिता बेटा, इकडं ये जरा."

त्यांनी तिला तक्त्यांच्या मागं नेलं. सांगायला कितीतरी वेळ लागेल असं त्यांना वाटलं होतं, पण दोन वाक्यांत झालं.

"बोरडोहची ती सहा मापं मी घेतलीच नाईत. फाट्यावर बसून लिवली मी ती."

सरिताला आधी कळलंच नाही. ती हसतच होती. मग हातातली थाळी तिनं जवळच्या बाकावर ठेवली.

"सगळी सहा?"

"सगळी सहा."

"काहून, काका?"

इतका वेळ सभागृहात प्रमाण भाषा बोलणारी ती पोरगी 'का' सोडून एकदम घरचं 'काहून' बोलली. त्यांनी नत्थूचं सांगितलं. काठाचं सांगितलं. आवाजाचं मात्र सांगितलं नाही.

सरितानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझं एक वर्ष गेलं समजा. त्याचं जाऊ द्या. पण त्यांनी तिथं विहीर खोदली असती न काका, तर? गाव कोरड्या खड्ड्याभोवती बसलं असतं."

"म्हणूनच सांगून राहिलो."

"उद्या सकाळी माझ्यासोबत चला. मले स्वतः मोजाचं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विभागाची जीप घेऊन आली. सावनेर मागं पडलं, खाणीच्या मातीचे राखाडी डोंगर दिसू लागले. 

विहिरीला आता सिमेंटचा कठडा होता. कोणी, कधी बांधला, कोणास ठाऊक. भोवती गाजरगवत माजलं होतं. सरितानं पिशवीतून यंत्र काढलं. त्याच्या टेपचं टोक पाण्याला लागलं की ते वाजतं, ओरडावं लागत नाही. ती टेप सोडत गेली. आठ मीटर. नऊ. वामनराव दहा पावलं मागं उभे होते. बारा. पंधरा. त्यांना वाटलं, आता तो बोलेल. इथंच तर बोलायला हवं. 

यंत्र वाजलं.

"एकोणीस साठ," सरिता हळूच म्हणाली.

वामनराव पुढं झाले. कठड्यावर हात टेकून त्यांनी खाली पाहिलं. एवढ्या वर्षांत कल्पनेनं किती वेळा पाहिलं होतं. कपारीत पारव्यांची घरटी होती, खाली एक प्लॅस्टिकची बाटली तरंगत होती, आणि फार दूरवर ताटलीएवढं आकाश. दुसरं काही नव्हतं. आवाजही नव्हता. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट त्यांना एकदम फार एकटं वाटलं.

सरितानं तिथूनच देशकर सरांना फोन लावला. "सर, चौदा नंबर काढावी लागेल." पलीकडून ते काहीतरी बोलले. "नाही सर, ती काढली तर निबंध उरत नाही. हो. कळतंय मला. पण आज त्या अभियंत्यांना मीच जाऊन सांगते." फोन ठेवून तिनं नाक पुसलं आणि वहीत तारीख घालून माप लिहिलं.

"तुम्हाला घरी सोडू?"

"सावनेरात उतरव मले. तिथं एक काम आहे."

ते काम दहा वर्षं राहून गेलेलं होतं.

नत्थूच्या पत्नी तुळसाबाई भोयर अंगणवाडीत मदतनीस होत्या. दुपारी अंगणवाडी सुटली की घरी येत. वामनराव दारात उभे राहिले तेव्हा त्या ओसरीवर चवळीच्या शेंगा निवडत होत्या.

"डेहनकर साहेब! या न. बसा बापा. किती वर्सांनी आले."

त्यांनी पाणी दिलं. मुलीचं सांगितलं, ती लकडगंजला दिली आहे, जावयाचं प्लायवुडचं दुकान आहे, दोन लेकरं आहेत. वामनराव मान हलवत होते. पेला तसाच हातात होता.

"वहिनी, मी एक सांगाले आलो. नत्थूचं."

त्या थांबल्या.

"त्याले चक्कर नोती आली. काठ खचला. तो म्हणत होता, साहेब, आज राहू द्या. मी नाई ऐकलं. मीच त्याले टाक मोजून म्हटलं. अन् कागदावर उन्हाचं लिवलं."

तुळसाबाईंचे हात शेंगांमध्ये तसेच राहिले.  

"म्हणजे उन्हानं नाई पडले ते?"

"नाई."

"पोटात काई नोतं म्हणून घेरी नाई आली?"

वामनरावांना प्रश्न कळला नाही. "नाई वहिनी. चांगला हसत होता तो. का बरं?"

"त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालतं," तुळसाबाई म्हणाल्या. त्या त्यांच्याकडे बघत नव्हत्या. "लहानशी गोष्ट होती, आता यादही नाई काय होती ते. मी चूल पेटवलीच नाई. उपाशी गेले ते. एक कांदाही नाई दिला खिशात ठेवाले. मग तुमच्या हापिसातून कागद आला, उन्हानं चक्कर आली म्हणून. माहा भाऊ वाचत होता. मी म्हटलं, हे मीच केलं."

"वहिनी..."

"तवापासून मी दिवसा जेवत नाई साहेब. दिवस मावळला का खातो. पोरगी लय बोलते. तिले सांगतलं, उपास हाय."

वामनरावांनी न बघताच पेला खाली ठेवला आणि पाणी सांडलं. हात जोडावेत, पाया पडावं, असं काहीबाही त्यांच्या मनात आलं. ते अर्धवट उठले.

"बसा," तुळसाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "उठू नोका."

ते बसले.

त्या आत गेल्या. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग भांड्याचा. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात ताट होतं. संध्याकाळसाठी करून ठेवलेल्या दोन भाकरी, झुणका, बाजूला फोडलेला कांदा. त्यांनी ताट वामनरावांपुढं नाही ठेवलं. जेवता का, असंही विचारलं नाही. समोरच्या भिंतीशी मांडी घालून बसल्या आणि ताट आपल्या पुढ्यात घेतलं.

बाहेर लखलखीत ऊन होतं. दुपारचे दोनही वाजले नव्हते.

पहिला घास त्यांच्या घशाखाली लवकर उतरेना. त्यांनी तो पुष्कळ वेळ चावला. मग दुसरा घेतला. त्या रडल्या नाहीत, आणि वामनरावांकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. ओल्या पेल्यावरून हात न काढता वामनराव समोर बसून राहिले. पहिली भाकरी संपली. तुळसाबाईंनी बोटं पुसली आणि दुसरी मोडायला घेतली.