मंदाकिनीचा अर्धा इंच

"अंबाडा सोडा, बाई. केसांची उंची सरकार धरत नाही."

ठाण्याच्या पोलीस कचेरीत हवालदारानं पट्टी टाळूवर टेकवली. मंदाकिनी वाघधरेनं श्वास ओढून मान ताणली. पोलिसातल्या या नोकरीसाठी ती महिनाभर चिंचेच्या फांदीला लोंबकळली, असं ठाकुर्लीत अजून सांगतात. फांदी म्हणे वीतभर लांबली. बाई होती तेवढीच राहिली.

"अर्धा इंच कमी. जा आता."

संपलं. फाळणीत कराचीतलं घर सुटलं, तिथल्या बंदरावरची वडिलांची कारकुनी सुटली. ते आता घरी लेकीच्या हाताखाली पापडाच्या लाट्या करत. कराचीहून तिच्याबरोबर धड आली ती गल्लीत खेळता खेळता शिकलेली सिंधी. कल्याणच्या छावणीत निर्वासित आल्यापासून फौजदार गुप्ते तिला दुभाषी म्हणून बोलावत आणि चहावर बोळवत. "अर्ज टाका, बाई. भाषेवरच घेतील," हेही त्यांचंच.

संध्याकाळी गुप्त्यांना निकाल सांगायला ती पाय ओढत कल्याणला उतरली, तर चौकीच्या दारात गुप्ते उभेच.

"बरं झालं भेटलात! घरफोड्या धरलाय. हिरवं दार दिसलं की कुलपाला किल्ली लावतो लेकाचा."

"मला घेतलं नाही, साहेब. उंची कमी पडली."

"अरेरे! फार वाईट झालं हो." गुप्ते हळहळले, अगदी चहाचा घोट संपेपर्यंत. "तेवढं याला विचारा ना."

नाही म्हणायलासुद्धा अंगात जोर हवा. ती गजांपाशी बसली. आत सत्तरीचा म्हातारा, मुठीत वीतभर किल्ली. ती सिंधीत विचारत गेली, मराठीत सांगत गेली.

"किल्ली यांच्या घरची आहे."

"घर कुठंय?"

"राहिलं तिकडं, सिंधमध्ये. दार हिरवं होतं."

"मग इथली कुलपं कशाला छळतो?"

"म्हणतात, एखादं तरी उघडेल."

गुप्त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग कोठडी उघडायला लावली. "तुमच्यावाचून आमचं पान हलत नाही, बाई!"

"हो ना," ती म्हणाली. "झाडावर मात्र मला कुणी घेत नाही."

म्हातारा उंबऱ्यात थबकला. तिच्याकडे पाहत त्यानं सिंधीत विचारलं, "पोरी, तू पोलिसात आहेस?"

मंदाकिनीनं मान ताणली. मग सिंधीतच म्हणाली, "हो, बाबा."

त्यानं तिला सलाम केला.

"काय म्हणाला हो?" गुप्त्यांनी विचारलं.

"ते तुमच्या कामाचं नाही, साहेब."

आणि म्हाताऱ्याच्या दंडाला धरून ती छावणीच्या वाटेला लागली.