स्वस्त फोनवरचं गिऱ्हाईक

भरतेशकाकांच्या सांगलीतल्या दुकानात ठिबक सिंचनासाठी चाळीस चौकशा आल्या होत्या. त्यांतल्या सव्वीस, जाहिराती दाखवतो म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या फोनवरून.

"असला फोन वापरणारा काय ठिबक घेणार? तिथली आपली जाहिरात बंद कर," काका पुतणी चंदनाला म्हणाले. गोदाम न खपलेल्या मालाने भरलं होतं. चंदनालाही ते पटलं, पण खात्रीसाठी तिने त्या सव्वीस जणांतल्या कोरेगावच्या लालासाहेबांना फोन लावून, एवढा स्वस्त फोन का घेतला, ते विचारलंच.

"आगं पोरी, बारा एकर ऊस हाय माझा. पाटात पडणाऱ्या फोनला लय पैसं कशाला घालू?"

काकांनी हातातला चहा बाजूला ठेवला.  चंदनाने उरलेल्या सगळ्यांना फोन केले.

स्वस्त फोनवाल्यांनी सरासरी साडेसहा एकरांचं ठिबक मागितलं, महागवाल्यांनी सव्वादोन.